‘बयपडादिंग’ म्हणजे काय?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी ६२ वर्षांची निवृत्त शिक्षिका, राहणार डोंबिवली. हे ६७ वर्षांचे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघंच दक्षिणेत निघतोय. टूर कंपनी नाही, रेल्वे आणि तिकडच्या सरकारी बसगाड्या. विजयपूर, बदामी, हंपी, बेलूर-हळेबीड, श्रवणबेळगोळ, म्हैसूर असे पस्तीस दिवस कर्नाटकात. मग तंजावूर, कुंभकोणम, मदुरै, रामेश्वर असे पंचवीस दिवस तमिळनाडूत. शेवटचे दहा दिवस केरळात. हातात चार महिने आहेत, रोज तासभर देऊ शकते. एकच भाषा धड शिकायची तर कुठली? भाऊ म्हणतो, तुला संस्कृत येतं, मल्याळम शीक. शेजारीण म्हणते, दिवस कर्नाटकात जास्त, कन्नड शीक. मुलगा म्हणतो, फोन आहे ना, कशाला डोक्याला ताप!

विचारण्याचं कारण सांगते. तीन वर्षांपूर्वी मदुरैजवळच्या एका गावात, एकांच्या घरीच खोली घेऊन राहिलो असताना, रात्री यांच्या छातीत दुखू लागलं. घरमालकीण बाईंनी रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं आणि पहाटेपर्यंत माझ्याशेजारी बसून राहिल्या. पित्ताचं निघालं, देवाची कृपा. पण यांना काय होतंय ते मला तिथे कुणालाच सांगता आलं नाही, आणि त्या बाईंशीही एक शब्द बोलता आला नाही. त्या माझा हात धरून सारखं ‘बयपडादिंग, बयपडादिंग’ असं काहीतरी म्हणत होत्या. या वेळी त्यांच्याकडे जायचं आहे.

उत्तर

ताई,

आधी तुमच्या शेवटच्या ओळींबद्दल. त्या बाई ‘बयप्पडादींग’ म्हणत होत्या. घाबरू नका. त्यातलं ‘बय’ म्हणजे आपलंच ‘भय’. तमिळमध्ये भ हा उच्चार नाही, म्हणून त्याचा ब झाला. ‘बयप्पडु’ म्हणजे भय वाटणं, घाबरणं. त्याला ‘-आदींग’ जोडलं की ‘घाबरू नका’. शेवटचा ‘-ंग’ आदराचा, आपल्या ‘नका’सारखा. वयाने लहान, घरच्या मुलीला त्या ‘बयप्पडादे’ म्हणाल्या असत्या, म्हणजे ‘घाबरू नकोस’. इतक्या घाईगर्दीत, मध्यरात्री, एका परक्या बाईशी बोलतानाही त्यांनी तुम्हाला अहो-जाहोच केलं.

तुम्ही तमिळ शिका.

तुमच्या शेजारणीचा हिशेब चुकीचा नाही. पस्तीस दिवस कर्नाटकात म्हटल्यावर कुणीही कन्नडच सुचवेल, आणि तुमचं पत्र पहिल्या परिच्छेदावर संपलं असतं तर मीही तेच लिहिलं असतं. पण दिवस मोजण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात असं मला वाटतं. आपण कुठे अडतो? आणि कुणाशी बोलायचं राहून गेलंय? दोन्हींचं उत्तर तुमच्या पत्रात एकाच गावाचं आहे.

अडण्याचं आधी घेऊ. विजयपूरला, बदामीला हिंदीवर निभतं. त्या भागात पिढ्यान् पिढ्या दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू, बोलली जाते, आणि बाजारात मराठी समजणारं माणूसही भेटतं. हंपी, म्हैसूर ही तर पर्यटकांची गावं. बेलूर-हळेबीडला थोडं कठीण जाईल, पण तिथे तुम्ही दोन-तीन दिवस असणार. तमिळनाडूत रामेश्वरला हिंदी चालते. उत्तरेकडचे यात्रेकरू तिथे इतके येतात की दुकानदार हिंदीतच हाक मारतात. पण तंजावूर ते कुंभकोणम गावोगाव थांबत जाणारी बस पकडलीत, किंवा मदुरैपासून वीस किलोमीटर आत गेलात, की हिंदी संपते आणि इंग्रजी तुटक होते. यामागे इतिहास आहे. हिंदी सक्तीविरुद्ध तिथे आधी १९३७ मध्ये आणि मग १९६५ मध्ये मोठी आंदोलनं झाली, १९६५ मध्ये माणसं मेली, आणि १९६८ पासून सरकारी शाळांत तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा आहेत. त्यामुळे साठीच्या एखाद्या बाईंना हिंदी येत नाही यात हट्ट शोधू नका, त्यांना ती शाळेत कुणी शिकवलेलीच नाही. डोंबिवलीत बँकेतल्या माणसाने आपल्याशी मराठीत बोलावं असं आपल्याला वाटतं ना? तसंच त्यांना त्यांच्या गावात वाटतं.

मुलाचं म्हणणंही ऐकून घेऊ. फोन जवळ असू द्या, फलक वाचायला आणि औषधाचं नाव दाखवायला तो खरंच उपयोगी पडतो. पण रात्री दोन वाजता, रेंज जेमतेम असताना, हात थरथरत असताना फोनवर टाइप करून बघा म्हणावं. शिवाय या अनुवादांतून पुष्कळदा लेखी तमिळ बाहेर येते, आणि ती कुणी बोलत नाही. लेखी आणि बोली तमिळ यांच्यात इतकं अंतर आहे की हे समजून न घेता शिकायला बसलं तर मेहनत वाया जाते. माझी गेली. बँकेच्या नोकरीत मी तीन वर्षं तिरुच्चीला होते. पहिले चार महिने एका पुस्तकातून रोज रात्री धडे पाठ केले. ‘पाहिजे’ला पुस्तकात ‘वेण्डुम’, बाजारात ‘वेणुम’. ‘आहे’ला पुस्तकात ‘इरुक्किरदु’, बाजारात ‘इरुक्कु’. ‘मी जाते’ला पुस्तकात ‘पोगिरेन’, बाजारात ‘पोरेन’. मी बोलायचे ते सगळ्यांना कळायचं, पण ते बोलायचे त्यातलं मला काही कळायचं नाही. चार महिने म्हणजे तुमच्या हातात आहेत तेवढेच. म्हणून कळकळीने सांगते: पहिल्या दिवसापासून बोली तमिळच शिका, आणि शिकवणाऱ्याला तसं बजावून सांगा. तमिळ बातम्या ऐकू नका, ती लेखी भाषा असते. स्वयंपाकाचे व्हिडिओ बघा. बाई भांड्यात मीठ टाकत म्हणते ‘उप्पु पोडुंग’, आणि मीठही दिसतं, टाकणंही दिसतं. अर्ध्या तासात ‘पोडुंग’ वीसदा कानावर पडतं.

आता भावाच्या मल्याळमबद्दल. तिच्यात संस्कृत शब्द भरपूर आहेत हे खरं, आणि तिचं क्रियापद मी-तू-तो यांच्याप्रमाणे बदलत नाही, हीसुद्धा मोठी सोय. पण ते संस्कृत शब्द असतात वर्तमानपत्रात आणि भाषणात. चहाच्या टपरीवर, बसमध्ये, दवाखान्यात जे शब्द लागतात ते अस्सल द्राविडी. केरळात तुम्ही दहा दिवस आहात, इंग्रजी तिथे बऱ्यापैकी चालते, आणि तमिळ बऱ्याच जणांना कळते. पुरुषाला ‘चेट्टा’, बाईला ‘चेची’, पुरे झालं तर ‘मदि’, पाणी ‘वेळ्ळम’. एवढ्यावर दहा दिवस जातील. एक मात्र ध्यानात ठेवा: तमिळमध्ये ‘वेळ्ळम’ म्हणजे पूर. तिथे पाणी मागताना ‘तण्णी’ म्हणायचं, आणि या वयात प्रवासात प्यायचं ते ‘सुडुतण्णी’, गरम पाणी.

मराठी माणसाला तमिळ किती जवळची आहे ते सांगते, कारण तुमच्या पत्रात भीती दिसते की या वयात हे जमेल का.

तुम्ही शाळेत व्याकरण शिकवलं असेल तर हे तुम्हाला आवडेल. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे. ‘आम्ही जातोय’ म्हटलं की ऐकणारा त्यात नाही, ‘आपण जाऊ’ म्हटलं की आहे. हिंदीत हा फरक नाही, दोन्हींना ‘हम’. तमिळमध्ये आहे: ‘नांग’ म्हणजे आम्ही, ‘नाम’ म्हणजे आपण. मराठीला ही सवय द्राविडी शेजाऱ्यांकडूनच लागली असं भाषेचे अभ्यासक मानतात. तिरुच्चीतले माझे उत्तरेकडचे सहकारी इथे वर्षवर्ष अडखळायचे. तुम्हाला हे शिकावंच लागणार नाही, फक्त शब्द बदलायचे.

दुसरं, ‘मला पाहिजे’. आपण ‘मी पाहिजे’ म्हणत नाही, ‘मला’ म्हणतो. तमिळमध्येही ‘एनक्कु वेणुम’, म्हणजे ‘मला पाहिजे’. ‘एनक्कु तेरियादु’, मला माहीत नाही. ‘एनक्कु पुरियल’, मला समजलं नाही. कन्नडमध्ये ‘ननगे बेकु’, मल्याळममध्ये ‘एनिक्कु वेणम’, तेलुगूत ‘नाकु कावालि’. चारही ठिकाणी वाक्य मराठीच्याच साच्यातलं, क्रियापद शेवटी. मराठीत मनात वाक्य जुळवायचं आणि त्याच क्रमाने शब्द ठेवत जायचं, बहुतेक वेळा ते बरोबरच येतं. आणि तुमच्याकडे ळ आहे, जो हिंदीवाल्यांना कष्टाने कमवावा लागतो. ‘तमिळ’ या शब्दातला शेवटचा उच्चार आपल्या ळपेक्षा जरा वेगळा आहे, जीभ मागे वळते पण टाळूला टेकत नाही. त्यासाठी अडून राहू नका. मदुरैकडे बोलताना पुष्कळ लोक त्याचा साधा ळच करतात.

सुरुवात क्रियापदाच्या आज्ञार्थापासून करा, आणि फक्त आदराच्या रूपापासून. ‘वांग’ या, ‘पोंग’ जा, ‘उक्कारुंग’ बसा, ‘सोल्लुंग’ सांगा, ‘कुडुंग’ द्या. तो ‘-ंग’ सोडला की ते एकेरी होतं. परक्या भाषेत आपण छोटं रूप आधी पाठ करतो आणि न कळत समोरच्या म्हाताऱ्या माणसाला अरे-तुरे करतो. एकेरी रूप पहिले दोन महिने शिकूच नका, म्हणजे तोंडातून चुकून जाणार नाही. हाक मारायला ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ हे शब्द तुमच्याकडे आधीपासूनच आहेत. वयस्क बाईंना ‘अम्मा’, वयस्क पुरुषांना ‘अय्या’. रिक्षावाला तुमच्या मुलाच्या वयाचा असेल तर ‘तंबी’, धाकटा भाऊ.

मग पहिल्याच महिन्यात दवाखान्याची वाक्यं. ही नेहमी पुस्तकाच्या शेवटच्या धड्यात असतात आणि तिथपर्यंत कुणी पोचत नाही, म्हणून मी ती वर आणते. ‘इवरुक्कु नेंजु वलिक्कुदु’, यांच्या छातीत दुखतंय. ‘इवरुक्कु’ हे तुमच्या पत्रातलं ‘यांना’. तिकडच्या जुन्या पिढीतल्या बायकाही नवऱ्याचं नाव न घेता ‘इवर’, ‘अवर’ म्हणतात, अगदी तुमच्यासारखंच. ‘मूच्चु विड मुडियल’, श्वास घेता येत नाही. ‘मयक्कमा इरुक्कु’, चक्कर आल्यासारखं होतंय. ‘काय्च्चल’ ताप, ‘वयित्तु वलि’ पोटदुखी, ‘वांदि’ उलटी, जी आपल्याकडेही ‘वांती’च आहे. मधुमेहाला तिकडेही ‘शुगर’च म्हणतात, ‘इवरुक्कु शुगर इरुक्कु’ म्हटलं की डॉक्टरांना कळतं. औषधाचं दुकान ‘मरुंदु कडै’. ही आठ-दहा वाक्यं आरशासमोर उभं राहून मोठ्याने म्हणा, रोज, कंटाळा येईपर्यंत. घाबरलेल्या माणसाला फक्त तेच आठवतं जे तोंडात बसलेलं असतं. आणि यांची औषधं, त्यांचं प्रमाण, जुने आजार, ॲलर्जी हे सगळं एका कागदावर इंग्रजीत आणि तमिळ लिपीत लिहून घ्या. एक प्रत तुमच्या पर्समध्ये, एक यांच्या खिशात. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक तिन्ही राज्यांत चालतो.

लिपी शिकायची का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण माझं उत्तर ‘हो’ आहे, दुसऱ्या महिन्यापासून. बसच्या पाट्या बऱ्याचदा फक्त तमिळमध्ये असतात, आणि दर बसच्या मागे धावत ‘तंजावूर? तंजावूर?’ विचारणं फार दमवतं. तमिळ लिपी दिसते तेवढी अवघड नाही. १२ स्वर, १८ व्यंजनं. ख, घ, छ, झ यांसारखी महाप्राण अक्षरंच नाहीत, आणि जोडाक्षरांची गुंतागुंत जवळजवळ नाही. अक्षर अर्धं करायचं तर डोक्यावर टिंब देतात. अडचण एकाच ठिकाणी येते. क आणि ग यांना एकच अक्षर, त आणि द यांना एकच, प आणि ब यांना एकच. मग वाचायचं कसं? शब्दाच्या सुरुवातीला किंवा द्वित्त असेल तर कठोर, दोन स्वरांच्या मध्ये किंवा अनुनासिकानंतर असेल तर मृदू. ‘मदुरै’ लिहिताना मधे त काढतात, पण तो दोन स्वरांत सापडल्यामुळे द वाचला जातो. ‘तंजावूर’मध्ये अक्षर आहे च, पण अनुनासिकानंतर आल्यामुळे ज होतो. परभाषेतून आलेले शब्द हा नियम मोडतात, ‘बयम’ लिहितात प नेच, ते सवयीने कळतं.

सरावासाठी सगळ्यांत चांगलं पुस्तक म्हणजे रेल्वेच्या फलाटावरची पिवळी पाटी. नाव तीन लिप्यांत असतं: स्थानिक, देवनागरी आणि रोमन. तमिळनाडूतल्या चाळीस-पन्नास स्टेशनांच्या पाट्यांचे फोटो इंटरनेटवर शोधा, देवनागरी ओळ हाताने झाका आणि तमिळ वाचून बघा. तुम्ही तर पहिलीच्या मुलांना अक्षरओळख करून दिली असेल, हे तसंच आहे. नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते, तीही बघा. शंभराच्या नोटेवर कन्नड, मल्याळम आणि तमिळ या तिन्ही ओळींची सुरुवात ‘नूरु’ अशीच आहे.

एकटीने शिकू नका. डोंबिवलीत तमिळ घरं शोधायला लांब जावं लागणार नाही, तुमच्या आसपासच असतील. एखाद्या आजींना आठवड्यातून दोनदा भेटायचं ठरवा. त्यांना बोलायला माणूस मिळेल आणि तुम्हाला खरी बोली. नाहीच जमलं तर लोकलने माटुंग्याला जा. तिथल्या फुलांच्या दुकानांत तमिळ बोलली जाते. तमिळनाडूत गजरा ‘मुळम’वर विकतात, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं माप, आपल्याकडचा जुना ‘हात’. ‘ओरु मुळम मल्लि कुडुंग’, एक हात मोगरा द्या. हे वाक्य म्हणून बघा आणि ते काय उत्तर देतात ते ऐका. मदुरैच्या मोगऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तिथे पहाटेच्या फुलबाजारात हेच वाक्य पुन्हा लागेल. केंद्र सरकारचं ‘भाषा संगम’ नावाचं ॲप आहे, २२ भाषांतली रोजच्या वापरातली शंभर वाक्यं त्यात आहेत. कानाला सवय व्हायला ठीक, पण भर माणसांवर ठेवा.

आणि पहिल्या दिवसापासून एक वाक्य तोंडात ठेवा: ‘नान तमिळ कत्तुक्करेन, मेदुवा पेसुंग.’ मी तमिळ शिकतेय, हळू बोला. तिरुच्चीत या एका वाक्यावर मला भाजीवालीने आंब्याच्या तीन जाती ओळखायला शिकवल्या होत्या, रोज एक, दुकान आवरता आवरता.

आता कर्नाटकातले पस्तीस दिवस. कन्नड मी तुम्हाला सोडायला सांगत नाहीये. शेवटच्या महिन्यात, आठवड्याचे दोन तास तिला द्या. एवढ्यात भागेल असं मी म्हणते, कारण तमिळच्या पाठोपाठ कन्नड आली की तिच्यात निम्मे शब्द ओळखीचे निघतात. तमिळच्या प चा कन्नडमध्ये ह होतो: दूध ‘पाल’ तर ‘हालु’, फूल ‘पू’ तर ‘हूवु’, दहा ‘पत्तु’ तर ‘हत्तु’, ‘जा’ला ‘पो’ तर ‘होगु’. आणि व चा ब: ‘ये’ला ‘वा’ तर ‘बा’, केळं ‘वाळै’ तर ‘बाळे’. ‘सहा’ला दोन्हीकडे ‘आरु’, ‘सात’ला ‘एळु’. मीठ दोन्हीकडे ‘उप्पु’. आपण सकाळी खातो ते उप्पीट म्हणजे कन्नडचं ‘उप्पिट्टु’, उप्पु आणि हिट्टु, मीठ आणि पीठ. तूप तिकडे ‘तुप्प’, सुट्टे पैसे ‘चिल्लरे’. थोडं म्हणजे ‘स्वल्प’, तुमच्या संस्कृतातलंच. यावर ‘बेकु’ पाहिजे, ‘बेड’ नको, ‘साकु’ पुरे, ‘एष्टु’ किती, ‘एल्लि’ कुठे, ‘इदे’ आहे, ‘इल्ल’ नाही, ‘गोत्तिल्ल’ माहीत नाही, आणि ‘ऊट आयता?’, जेवण झालं का. एवढे शब्द नीट बसले की जेवण, बस आणि खोली यांचं भागतं. विजयपूर-बदामीकडे आदरासाठी शब्दाला ‘री’ लावतात, ‘बर्री’ म्हणजे या, ‘हौद्री’ म्हणजे हो जी. म्हैसूरला तेच ‘बन्नि’ आणि ‘हौदु’. विजयपूरला शिकलेला ‘री’ म्हैसूरला वापरलात तर लोक लगेच ओळखतील की तुम्ही उत्तरेकडून आलात, त्यात काही बिघडत नाही.

एक विनंती. सीमाप्रश्न डोक्यात घेऊन कर्नाटकात जाऊ नका आणि कुणी काढलाच तर वादात पडू नका. दोन शब्द कन्नडमध्ये बोलणाऱ्या मराठी बाईंना तिकडे कुणी वाईट वागवत नाही, हा माझा अनुभव आहे.

श्रवणबेळगोळला पायऱ्या खूप आहेत, यांना झेपेल तेवढंच चढा, डोलीही मिळते. पण वर गेलात तर बाहुबलीच्या मूर्तीच्या पायाशी थांबा. ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’, म्हणजे ही मूर्ती चावुंडराजाने करवली, हा मराठी शिलालेख सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याच ठिकाणी तेच कन्नडमध्ये आणि तमिळमध्येही कोरलेलं आहे. कन्नडमध्ये आहे ‘माडिसिदं’. ‘माडु’ म्हणजे करणे, ‘माडिसु’ म्हणजे करवणे. आजही बेंगळुरूत गर्दीच्या बसमध्ये ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि’ म्हणतात, तोच धातू. निघेपर्यंत तुम्हाला या तिन्ही भाषांत थोडी गती आलेली असेल, आणि तिन्ही ओळी एकाच जागी आहेत. मी गेले तेव्हा मला एकच वाचता आली होती, त्याची चुटपुट अजून आहे.

तंजावूरला बृहदीश्वराच्या आवारातही मराठी भेटेल. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथे भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. मात्र तंजावूरात मराठी राजे १८५५ पर्यंत होते म्हणून रस्त्यावर मराठी ऐकू येईल अशी अपेक्षा ठेवू नका. तंजावूरकडची मराठी घरं आहेत, त्यांची मराठीही गोड आणि जुन्या वळणाची आहे, पण ती घरात बोलली जाते.

वयाबद्दल एवढंच: तुम्ही विसराल. सगळेच विसरतात. म्हणून स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवा, ‘उप्पु’, ‘मंजळ’, ‘मिळगु’, ‘सक्करै’. यांनाही बरोबर शिकवा. पंचवीस वाक्यं त्यांना आलीच पाहिजेत, कारण पुढच्या वेळी आजारी कोण पडेल ते सांगता येत नाही, आणि तेव्हा बोलायची वेळ त्यांच्यावर येऊ शकते.

त्या बाईंकडे जायच्या आधी शक्य असेल तर निरोप पाठवा. जाताना मोगरा घेऊन जा, तिकडे बायकांना बायका फुलं देतात. दारात त्या बहुतेक ‘वांग, वांग’ म्हणतील आणि लगेच विचारतील, ‘साप्पिट्टींगळा?’ म्हणजे जेवलात का. जेवला असलात तरी थोडं खा. पानात पुन्हा पुन्हा वाढायला लागल्या तर ‘पोदुम’ म्हणा, पुरे. पहिल्यांदा म्हटलेलं कुणी ऐकत नाही, आपल्याकडेही ऐकत नाहीत. ‘नंड्रि’ म्हणजे धन्यवाद, तो शब्द शिकून ठेवा, पण घरात तो जरा परका वाटतो, आपल्या आईला ‘धन्यवाद’ म्हटल्यासारखा. त्यापेक्षा त्यांना सांगा: ‘अन्निक्कु नान बयंदेन. नींग कूड इरुंदींग.’ त्या दिवशी मी घाबरले होते. तुम्ही सोबत होतात. ही दोन वाक्यं डोंबिवलीतल्या त्या तमिळ आजींकडून नीट घोटून घ्या.

आणि निघताना नुसतं ‘पोरेन’ म्हणू नका. तिकडेही निरोप घेताना ‘जाते’ म्हणत नाहीत. आपण उंबऱ्यावर ‘येते हं’ म्हणतो, तसं ते ‘पोयिट्टु वरेन’ म्हणतात, जाऊन येते. मग त्या म्हणतील, ‘पोयिट्टु वांग.’